यादी डोक्यात नको: भाड्याचे घर बदलण्याआधीची तयारी

भाड्याचे घर बदलणे म्हणजे पंधरा-वीस कामे, असे सहसा मानले जाते. परंतु एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि घाई आवरणे अवघड जाणे), स्वमग्नता (ऑटिझम) किंवा डिस्लेक्सिया (वाचन अवघड जाणे) असणाऱ्यांसाठी ती पंधरा-वीस कामे नसून दोन-अडीचशे बारीक निर्णय असतात आणि ते सगळे एकाच वेळी दारात येऊन उभे राहतात. म्हणून ही तयारी कामांच्या क्रमाने न लावता, कोणता निर्णय आधीच उरकून टाकता येईल या क्रमाने लावली आहे. मला एडीएचडी आहे आणि कोल्हापुरातच मी तीनदा घर बदलले आहे. पहिल्या खेपेस गच्चीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो एवढ्याच कारणावर अर्ध्या तासात अनामत रक्कम देऊन मोकळा झालो, आणि पाणी पहाटे पाचला फक्त पाऊण तास येते हे राहायला गेल्यावर कळले.

पहिले काम घरे पाहायला निघण्यापूर्वी, आपल्याच टेबलाशी बसून करावे. ज्यांवाचून चालणारच नाही अशा तीनच अटी कागदावर लिहाव्यात. चौथी लिहू नये. प्रौढ माणसाला एका वेळी साधारण 4 गोष्टीच मनात धरून ठेवता येतात, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 साली मांडला होता. एडीएचडीमध्ये ही कार्यस्मृती बहुधा आणखी तोकडी पडते, आणि घरमालक बोलत असताना, शेजारी मिक्सर चालू असताना, त्यातले किती उरते हे ज्याचे त्याला ठाऊक. त्याच कागदावर जास्तीत जास्त किती घरे पाहायची तो आकडाही लिहावा. माझा आकडा पाच आहे. तिन्ही अटी पूर्ण करणारे पहिले घर घ्यावे आणि शोध थांबवावा. सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेशा चांगल्यावर थांबणे हाच माणसाचा व्यवहार्य मार्ग असतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1956 सालीच मांडले होते. पाच घरांनंतर सहावे पाहण्याची इच्छा झाली, तर ती बहुतेक वेळा निर्णय लांबवण्याची इच्छा असते.

याच्या उलट अडचण घाईची. तिच्यासाठी एक वाक्य पाठ करून ठेवावे: ‘काका, घर आवडलं, उद्या दुपारी बारापर्यंत फोन करून सांगतो.’ समोरची व्यक्ती ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ असे म्हणाली, तरी हेच वाक्य पुन्हा म्हणावे. घर पाहण्याच्या दिवशी कुणालाही पैसे पाठवायचे नाहीत, हा नियम घरातून निघतानाच केलेला असावा. अमुक घडले तर तमुक करीन, असे आधी ठरवलेले संकल्प नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पाळले जातात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

ज्यांना आवाज सोसत नाही, त्यांनी प्रत्येक घर दोनदा पाहावे, एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठनंतर. जागा मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, पापाची तिकटी या पट्ट्यात असेल, तर अनंत चतुर्दशीची मिरवणूक खिडकीखालून जाणार हे गृहीत धरावे. पेठेत राहायचे असेल, तर तालमीपासूनचे अंतर पायी मोजावे. इथले फुटबॉल संघ बहुधा तालमींचेच असतात, आणि शाहू स्टेडियमवर सामना जिंकलेला संघ गप्प घरी परतत नाही. (फुटबॉल मलाही आवडतो, फक्त तो उशाशी नको.) उपनगरात शांतता मिळते, पण केएमटीची (महापालिकेची) बस किती वेळाने येते हे वेळापत्रकावरून न ठरवता थांब्यावर स्वतः उभे राहून पाहावे.

भाडेकराराचा मसुदा एक दिवस आधी मागून घ्यावा. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो बहुधा 11 महिन्यांचा करतात. डिस्लेक्सिया असेल, तर मजकूर फोनकडून मोठ्याने वाचून घ्यावा किंवा बहीण-भावाला वाचायला सांगावा आणि भाडे, अनामत रक्कम, सूचनेचा कालावधी, देखभाल खर्च आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे या पाच जागी पेन्सिलीने खूण करावी. समोर बसून, सगळे वाट पाहत असताना वाचलेला करार न वाचल्यासारखाच असतो.

सामान बांधताना खोलीनुसार खोके न भरता, ते कधी लागेल यानुसार भरावेत. किराणा दुकानातून मागून आणलेल्या खोक्यांवर मोठा आकडा लिहावा आणि आत काय आहे याचा फोटो काढावा. पहिल्या खोक्यात पहिल्या रात्रीचे सगळे असावे: चादर, चार्जर, टॉवेल, एक पातेले, चहा-साखर, झाडू आणि बल्ब. औषधे आणि मूळ कागदपत्रे मात्र खोक्यात घालूच नयेत, ती खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत. एडीएचडीवरचे मिथिलफेनिडेटसारखे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात ते असतेच असेही नाही. स्वमग्न व्यक्तीने कपाट आणि स्वयंपाकघराची फळी रिकामी करण्याआधी तिचा फोटो घ्यावा आणि नव्या घरात तीच मांडणी करावी. चटणीची बरणी जिथे असायची तिथेच असली, की निम्मे घर ओळखीचे होते.

वेळेचा अंदाज आपल्याला जो वाटेल, त्याच्या दुप्पट धरावा. सोबतीला एक माणूस बोलवावा, पण त्याचे काम काय ते आधी स्पष्ट सांगावे: त्याने फक्त शेजारी बसायचे आहे, म्हणजे आपले हातातले काम सुटत नाही. मावशी प्रेमाने सगळी भांडी नव्या पद्धतीने लावून देतात आणि मग महिनाभर झारा सापडत नाही.

सामान हलवण्याच्या दिवशी एकही नवा निर्णय शिल्लक ठेवू नये. कपडे आदल्या रात्री काढलेले असावेत, जेवण कुठून येणार हे ठरलेले असावे, छोट्या हत्तीच्या चालकाला दोन्ही पत्ते आणि ठरलेले भाडे लिहून पाठवलेले असावे. गोंगाट वाढला, तर दहा मिनिटे कुठे जाऊन बसायचे ती जागाही ठरवून ठेवावी. टेम्पोची पुढची सीट चालते.

नव्या घरात सर्वांत आधी दाराच्या आतल्या बाजूला किल्लीसाठी खिळा ठोकावा. हातोडी आणि खिळे पहिल्या खोक्यात सर्वांत वर ठेवावेत.