विनामूल्य पॉडकास्टसाठी जाहिरात घेताना

मालवणी बोली, दशावतार किंवा मासेमारी यांवर विनामूल्य पॉडकास्ट चालवणाऱ्याने जाहिरात घेण्यात गैर काहीच नाही. मात्र ती कोणाची आणि कुठे घ्यायची, हे ध्वनिमुद्रणाआधीच ठरवावे. एखादा वृद्ध मच्छीमार रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, आठवणी सांगत असताना त्याचे बोलणे तोडून मध्येच जाहिरात घुसवणे मला मुळीच मान्य नाही; ती आरंभी किंवा विषय बदलतो तिथे, अर्ध्या मिनिटात आटोपावी.

भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मोबदला घेऊन केलेली प्रसिद्धी ध्वनिमाध्यमात सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक मध्यंतराच्या आधी व नंतर स्पष्टपणे जाहीर करावी लागते. ‘हा भाग अमुक बागायतदारांनी प्रायोजित केला आहे’ हे वाक्य पार्श्वसंगीत थांबवून, सावकाश म्हणावे.

हापूसच्या जाहिरातीत अधिक दक्षता हवी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने, विक्रेत्याकडे हे नाव वापरण्याचा हक्क दाखवणारे अधिकृत वापरकर्त्याचे प्रमाणपत्र मागावे. हंगामात परराज्यातला आंबाही देवगडच्या नावाने खपवला जातो, म्हणून आंबा कुठल्या बागेतला आहे याची खात्री पटत नसेल, तर पैसे कितीही मिळत असले तरी ती जाहिरात नाकारावी.