मॉरिस मायनरचा हीटर काढताना

आपल्या उन्हाळ्यात मॉरिस मायनर १००० या जुन्या ब्रिटिश गाडीचा हीटर तसा बिनकामाचाच. त्यातून हीटरमधली गरम पाण्याची जाळी गळू लागली की शेजारी बसणाऱ्याचे पाय भिजतात. नवी जाळी शोधत बसण्यापेक्षा तो काढलेला बरा.

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं पाणी बादलीत काढा. त्यात मिसळलेलं कूलंट गोडसर पण विषारी असतं, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा.

२. सिलिंडर हेडवरचा (इंजिनच्या वरच्या भागावरचा) हीटरचा कॉक, म्हणजे पाण्याचा नळ, दोन नटांवर असतो. तो काढून जुनं पॅकिंग नीट खरवडा. मग नवं पॅकिंग घालून तिथे भोक बंद करणारी धातूची पट्टी बसवा. नुसत्या होजला (रबरी नळीला) बोल्ट ठोकून क्लिप आवळण्याचा जुगाड नको, घाटात तो हमखास दगा देतो.

३. परतीचा होज रेडिएटरच्या खालच्या होजला जोडलेला असतो. तिथे फाटा नसलेला साधा होज लावा.

४. पंख्याच्या वायरीचं टोक टेप करा, फायरवॉलची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची) भोकं रबरी बुचांनी बुजवा. नाहीतर इंजिनचा धूर आत येतो.

पाणी भरून इंजिन तापू द्या, गळती पाहा.

फक्त पावसाळ्यात काच धुरकटली की फडकं हाताशी हवं, कारण काचेवरची गरम हवाही हीटरबरोबर गेली. काढलेला हीटरचा डबा मात्र भंगारात देऊ नका; गाडी विकताना गिऱ्हाईक तोच आधी विचारतं.