आंबट कुठलं, बिघडलेलं कुठलं? फ्रूट लँबिक चाखताना या चुका टाळा

फ्रूट लँबिकचा, म्हणजे फळं घालून मुरवलेल्या आंबट बेल्जियन बिअरचा, पहिला घोट घेतला की माणूस बहुतेक दोनपैकी एक काहीतरी बोलतो: ‘ही तर आंबून गेलीय’ किंवा ‘वा, काय फंकी आहे!’ दोन्ही वेळा तो चुकलेला असू शकतो. नवखा माणूस धडधाकट बाटलीला खराब ठरवतो. चार बाटल्या पचवलेला शौकीन सरळसरळ व्हिनेगर झालेल्या बिअरला ‘कॅरेक्टर’ म्हणून गुण देतो. आमच्या मते दुसरी चूक जास्त वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवून दुसरा कोणीतरी पैसे घालवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. लँबिक ब्रसेल्सच्या आसपासची, झेन नदीचं खोरं आणि पायोटनलँड या भागातली. जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि साधारण 30 ते 40 टक्के कच्चा गहू, जुने वाळवून कडूपणा गेलेले हॉप्स (बिअरमध्ये घालायची वेलीची फुलं), आणि उकळलेला अर्क रात्रभर उथळ उघड्या पात्रात थंड करायचा. यीस्ट वरून घालत नाहीत. हवेतले आणि लाकडी पिंपातले जंतू येतात ते येतात. म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच चालतं. मग पिंपात महिनोन्‌महिने, कधी तीन वर्षं. ताडी उतरवल्यावर आपोआप आंबते, त्यातलंच हे तत्त्व, फक्त ताडीचा हिशोब तासांचा आणि हिचा वर्षांचा. मुरलेल्या लँबिकमध्ये आंबट चेरी घातल्या की क्रीक, रास्पबेरी घातल्या की फ्रांबुआज.

लेबल न वाचता तुलना करणे

एकाच ‘क्रीक’ नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक गोड केलेली, अल्कोहोल 2.5 ते 4 टक्क्यांच्या घरात, चेरीच्या सरबताकडे झुकणारी. दुसरी कोरडी आणि आंबट, बाटलीत पुन्हा आंबलेली, साधारण 5 ते 7 टक्क्यांची. लेबलवर ‘आउड क्रीक’ असेल तर ती दुसऱ्या घरातली. हे नाव युरोपीय संघात 1997 पासून संरक्षित आहे. गोड क्रीकला ‘आंबटपणा कमी’ म्हणून गुण कापणं म्हणजे शिऱ्यात मीठ कमी म्हणण्यासारखं आहे. ती गोडच असायची आहे. ती तुम्हाला आवडली नाही हे वेगळं, आणि तसं वेगळं लिहा.

फ्रीजमधून थेट ग्लासात

4 अंशांवर फळाचा वास दबतो आणि आंबटपणा टोकदार लागतो. हवं ते तापमान 8 ते 12 अंश. आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. स्वयंपाकघरातलं थर्मामीटर असेल तर ग्लासातच मोजा. साठवणूक मात्र कपाटात नको. मुंबईत तिथलं तापमान 30 च्या वर जातं. फ्रीजच्या खालच्या खणात, मागच्या बाजूला ठेवा. दारात नको, तिथे बाटली सतत हलते.

प्रवासातून आणलेली बाटली आठवडाभर तरी शांत राहू द्या. ओतण्यापूर्वी 24 तास उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसतो. काही बाटल्यांवर पत्र्याचं झाकण असतं आणि त्याखाली बूच. ओपनर आणि कॉर्कस्क्रू दोन्ही हाताशी हवेत. बूच सावकाश काढा, सिंकजवळ. खूप गॅस असलेली बाटली उबदार असेल किंवा नुकती हलली असेल तर अर्धी बिअर ओट्यावर जाते आणि उरलेल्या अर्धीत सगळा गाळ ढवळला जातो.

ओतताना सगळे ग्लास आधी ओळीने लावा आणि बाटली एकदा तिरपी केली की शेवटपर्यंत तिरपीच ठेवा. प्रत्येक ग्लासासाठी उभी केली की गाळ वर येतो, आणि चौथ्या ग्लासवाला वेगळीच बिअर पितो. बेल्जियममध्ये आडव्या टोपलीतून ओततात ते याचसाठी. चाखायला 60 ते 90 मिली पुरे. शेवटचा बोटभर गाळ वेगळ्या ग्लासात घ्या. चाखा, पण गुण देताना धरू नका.

ग्लास वाइनचा, तोंडाशी निमुळता. भांडी घासायच्या साबणाचा थर राहिला तर फेस पटकन मरतो. धुतल्यावर पाणी आत सलग पसरलं पाहिजे, थेंबाथेंबाने तुटता कामा नये. आणि त्या खोलीत उदबत्ती नको, शेजारी मिरच्यांची फोडणी नको, ताटलीत चिवडा नको. साधा पाव आणि पाणी. एका बैठकीत पाच-सहा नमुने, त्यापुढे आंबटपणाने जीभ बधिर होते आणि सगळ्याच बिअर सारख्या लागतात.

सगळा आंबटपणा एकच समजणे

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि याचा सराव घरच्या घरी करता येतो. चार वाट्या घ्या.

पहिलीत श्रीखंडासाठी दही टांगल्यावर खाली जमणारं पाणी. हा मुख्यतः लॅक्टिक आंबटपणा: गोलसर, जिभेच्या कडांना जाणवतो, आणि त्या आंबटपणाला स्वतःचा वास जवळपास नसतो. लँबिकचा कणा हाच. दुसरीत 200 मिली पाण्यात 5 मिली साधं पांढरं व्हिनेगर. हा ॲसिटिक: आधी नाकात शिरतो, मग घशाला चरचरतो. तिसरीत पाण्यात लिंबू, चौथीत चिंचेचा पातळ कोळ.

चारही आलटून पालटून, डोळे मिटून हुंगा आणि चाखा. मग लँबिक घ्या आणि एकच प्रश्न विचारा: आंबटपणा मला तोंडात कळला की नाकात? तोंडात असेल तर लॅक्टिक. ग्लास नाकाशी नेताच डोळ्यांत पाणी येत असेल तर ॲसिटिक. ॲसिटिक थोडं असणं ठीक, लाकडी पिंपातून हवा झिरपतेच. त्याने चव उजळते. पण फळाचा वास मागे जाऊन व्हिनेगर पुढे आलं की दोष म्हणून नोंदवा. त्याच्यासोबत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल तर तो इथाइल ॲसिटेट. पिंपात हवा जास्त शिरली होती असं समजा.

परीक्षणात नुसतं ‘खूप आंबट’ लिहू नका. ‘ताकासारखा’, ‘कच्च्या कैरीसारखा’, ‘आमसुलासारखा’ लिहा. आपल्या भाषेत आंबटाच्या इतक्या छटा आहेत की ‘टार्ट’ आणि ‘सावर’ या दोन उसन्या शब्दांवर भागवायची गरज नाही.

गोठा आणि उंदीर यांची गल्लत

ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) हे यीस्ट लँबिकला तिचा खास वास देतं: चामडं, गवत, गोठा, भिजून वाळलेली घोंगडी. इंग्रजीत घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचं नाव घेतात. हे अपेक्षित आहे. जुन्या हॉप्समधून येणारा किंचित जुनाट चीजचा वासही चालतो, मागे राहिला तर.

न चालणारे वास वेगळे. बाळाने दूध ओकल्यासारखा वास ब्युटिरिक ॲसिडचा. तो कोणत्याही प्रमाणात नको. बंद पडलेल्या तळघरासारखा, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि सोबत फळ गायब, तर संशय बुचावर घ्या आणि दुसरी बाटली उघडल्याशिवाय बिअरबद्दल लिहू नका. तेलासारखी तार धरणारी, बुळबुळीत बिअर म्हणजे पेडिओकोकस या जिवाणूची अवस्था पूर्ण उलटायच्या आत बाटली बाहेर पडली. ब्रेट तो चिकटपणा काही महिन्यांत मोडून काढतं, त्यामुळे तशी दुसरी बाटली असेल तर राहू द्या.

सर्वांत फसवा दोष ‘उंदराचा’. धान्याच्या कोठीत उंदीर फिरून गेल्यावर येतो तसा, किंवा ओलसर शिळ्या बिस्किटासारखा. यामागची टेट्राहायड्रोपिरिडिन ही संयुगं आंबट बिअरमध्ये उडत नाहीत, म्हणून ग्लास हुंगून काहीच कळत नाही. घोट गिळल्यावर लाळेने आंबटपणा उतरतो, तेव्हा जिभेच्या मागे चव उगवते आणि रेंगाळते. म्हणून प्रत्येक बिअरच्या पहिल्या घोटानंतर अर्धा मिनिट काहीही न खाता-पिता थांबा. शंका आली तर दोन थेंब तळहाताच्या मागच्या बाजूवर चोळून हुंगा. त्वचेवर आंबटपणा कमी होतो आणि वास मोकळा होतो. काही लोकांना हा वास येतच नाही, म्हणून जोडीला एक माणूस असलेला बरा. नव्या बाटलीत हा दोष काही महिन्यांत ओसरतोही.

फळाचा रस शोधत बसणे

फळातली साखर पिंपात आंबून संपते. उरतो तो फळाचा वास, रंग, सालीचा तुरटपणा आणि त्याचं स्वतःचं आम्ल. ब्रसेल्सच्या कांतिलॉन ब्रुअरीच्या क्रीकमध्ये लिटरमागे साधारण 200 ग्रॅम चेरी जातात, तरी ती गोड लागत नाही. क्रीकमध्ये बदामासारखा वास आला तर बाहेरून काही घातलंय असं समजू नका. चेरी बियांसकट भिजतात आणि तो वास बियांतून येतो. तो जरासा असावा. बदामाचं इसेन्स ओतल्यासारखा वाटला तर मात्र जास्त झाला.

वयाचं भानही इथेच सुटतं. साधी गूझ, म्हणजे वेगवेगळ्या वयांच्या लँबिकचं मिश्रण, वर्षानुवर्षं ठेवता येते. फळाचं तसं नाही. रास्पबेरीचा वास सर्वांत आधी विरतो, गुलाबी रंग कांद्याच्या सालीकडे झुकतो. बाटलीत भरल्यापासून वर्ष-दोन वर्षांत पिणं उत्तम. चेरी जरा जास्त तग धरते. पाच वर्षांची फ्रांबुआज उघडून ‘फळ जाणवत नाही’ म्हटलं तर चूक ठेवणाऱ्याची, बनवणाऱ्याची नाही.

गुण आधी, चव नंतर

दुर्मीळ, महागड्या लेबलला आपण नकळत दोन गुण जास्त देतो. उपाय सोपा: तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा माणूस. वेगळा ग्लास ओळखता आला नाही तर दोघींत एका गुणाचाही फरक करू नका. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या 50 गुणांच्या तक्त्यात वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण मताला 10 गुण असतात. दिसण्याला फक्त 3. तरी लोक निम्मं परीक्षण सुंदर गुलाबी फेसावर खर्च करतात.

नोंदीत बाटलीवरचं वर्ष किंवा भरल्याची तारीख, ग्लासातलं तापमान, कशी साठवली होती, आणि कितव्या क्रमांकावर चाखली हे हवंच. उदाहरणार्थ: ‘आउड क्रीक, दोन वर्षं जुनी, 10 अंश, तिसरी. वासात आमसूल आणि चेरीची साल, मागे ओली घोंगडी. व्हिनेगर नाकात नाही. चव कोरडी, आंबटपणा कैरीकडचा, शेवटी सालीचा तुरटपणा. अर्ध्या मिनिटानंतर उंदीर नाही.’

बाटली उरली तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा. हवा लागल्यावर उंदराची चव वर येऊ शकते. आली तर ‘उघडल्यावर 24 तासांनी’ असं लिहूनच टाका. पहिल्या दिवशीच्या गुणांत ती घुसवू नका.