कोर्स रिपीट केला म्हणून एफ पुसला जात नाही, अमेरिकेत लॉला जायचं असेल तर हा हिशोब आधी करा

माझी भाची अमेरिकेत डिग्री करतेय आणि पुढे तिकडेच जेडी, म्हणजे वकिलीची डिग्री, करायचं म्हणतेय. सुट्टीत मुलुंडला आली तेव्हा ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या कोर्सची मार्कशीट) दाखवली, पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत एफ, म्हणजे नापास, मग तोच कोर्स परत करून ए. कॉलेजने एफ जीपीएमधून, म्हणजे ग्रेडच्या सरासरीतून, काढून टाकलेला त्यामुळे घरात सगळे निवांत. पण लॉ स्कूलचा हिशोब वेगळा असतो हे तिला तिथे कोणीच सांगितलं नव्हतं, याचा मला खूप राग आला, म्हणून हे लिहितेय.

तर होतं असं, की तुमच्या सगळ्या ट्रान्सक्रिप्ट लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिलकडे, म्हणजे एलसॅककडे जातात आणि ते जीपीए पहिल्यापासून स्वतः काढतात. ट्रान्सक्रिप्टवर दोन्ही वेळचे ग्रेड आणि क्रेडिट दिसत असतील तर दोन्ही धरतात, कॉलेजने जुन्यावर रेघ मारलेली असली तरी. पहिल्या वेळचा ग्रेड आणि क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर दिसतच नसतील तर ते सुटतं. आपल्याला केटी सुटली की विषय संपला अशी सवय, तिकडे तसं नाहीये.

आम्ही डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलने मांडलं. बाकीचे 116 क्रेडिट, सरासरी 3.6, म्हणजे 417.6 पॉइंट. ए ला क्रेडिटमागे 4 पॉइंट, एफला शून्य. त्यात 4 क्रेडिटच्या ए चे 16, झाले 433.6. कॉलेज 120 ने भागतं, येतात 3.61. एलसॅक एफचे 4 क्रेडिट पण धरणार, म्हणजे 124 ने भागायचं, 3.50. "मावशी, परत भाग ना," म्हणाली, तिसऱ्यांदा भागलं तरी तेवढेच.

आता यातून काय करायचं. एलसॅकच्या गणितात तोच कोर्स परत करून मिळालेला ए आणि तेवढ्याच क्रेडिटच्या नवीन कोर्सचा ए, दोन्हीची किंमत सारखीच. म्हणून डिग्रीला किंवा मेजरला (मुख्य विषयाला) तो कोर्स लागतच असेल तर रिपीट करा, नाहीतर ज्यात खात्रीने ए येईल असा नवीन कोर्स घ्या. सेमिस्टर चालू असतानाच गाडी घसरतेय असं वाटलं तर मुदतीत विथड्रॉ करा, म्हणजे कोर्स सोडा, मग ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू लागतो, कॉलेज तो डब्ल्यू नापास धरत नसेल तर एलसॅकही मोजत नाही (आधी रजिस्ट्रारला विचारा, कारण डब्ल्यूएफ, म्हणजे नापास होत असताना सोडलेला कोर्स, बऱ्याच ठिकाणी नापासच धरतात). आणि जे काय सुधारायचं ते पहिली बॅचलर डिग्री मिळायच्या आतच, नंतरचे ग्रेड त्या जीपीएत येत नाहीत. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजला केलेला कोर्सही येतो, ती ट्रान्सक्रिप्ट लपवू नका.

ज्यांची डिग्री मुंबई युनिव्हर्सिटीची आहे त्यांचा असा आकडा एलसॅक काढतच नाही, मार्कशीटचं वेगळं मूल्यमापन होतं.

एफ का आला ते अर्जासोबत एका छोट्या परिच्छेदात लिहा, काय झालं, मग काय बदललं, परत केल्यावर ए आला, बास. रडगाणं नको. भाचीने पहिल्यांदा दोन पानं लिहिली होती, आम्ही दोघींनी बसून ती सहा ओळींवर आणली.