पोथी घरी, नकला गावोगाव: चित्रकथीचं फिरतं प्रदर्शन कसं उभं करायचं

चित्रकथी म्हणजे एकेक चित्र दाखवत, गात सांगितलेली कथा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीच्या जुन्या पोथ्या, म्हणजे चित्रांचे संच, आहेत. रामायण-महाभारतातली आख्यानं, एकेका पोथीत साधारण तीस ते पन्नास चित्रं, आणि दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे उलटलं की पुढचा प्रसंग समोर. या पोथ्या जपण्यासाठी निधी हवा म्हणून प्रदर्शन फिरवायचं ठरलं, की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मूळ पोथीच नेऊ या, लोक तीच बघायला येतील.’ तिथेच थांबवा. ज्या वस्तूसाठी पैसे गोळा करताय तीच टेम्पोत घालून घाट चढवायची नाही.

कारण साधं आहे. कोकणातल्या दमट हवेत मुरलेला कागद पुण्याच्या कोरड्या हॉलमध्ये आला की आक्रसतो. चिकटवलेले दोन कागद सारखे आक्रसत नाहीत, त्यामुळे चित्र वाकतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. चित्र उलटताना वर्षानुवर्षं अंगठा जिथे पडला, तो कोपरा बहुतेक आधीच गेलेला असतो. शिवाय १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून दुबई किंवा लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचं बोलावणं आलं तरी जातील त्या नकला आणि नवी चित्रं.

आधी अंदाजपत्रक, मग तारखा

निधी कशासाठी हे ‘वारसा जतन’ अशा मोघम शब्दांत लिहिलं तर कोणी खिशात हात घालत नाही. कागद-संवर्धकाला घरी बोलावून पोथी दाखवा आणि लेखी अंदाज घ्या: किती चित्रांना डागडुजी, किती नुसती साफ करायची, साठवणीच्या आम्लरहित पेट्या किती. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इनटॅक या संस्थेचीही केंद्रं आहेत. तो आकडा प्रदर्शनाच्या दारातच लावा. आणि संवर्धक येईपर्यंत घरगुती उपाय नकोत. लॅमिनेशन आणि सेलोटेपनं झालेलं नुकसान कसरीनं केलेल्या नुकसानापेक्षा निस्तरायला अवघड जातं.

नकला

चित्रं फ्लॅटबेड स्कॅनरवर दाबू नका, सुटलेला रंग काचेला चिकटतो. चित्र टेबलावर सपाट, कॅमेरा बरोबर वर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे आणि कडेला रंग ताडून पाहण्याची रंगपट्टी. मूळ आकाराला किमान ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके) मिळतील असा फोटो घ्या आणि टिफ फाइल (तपशील न गमावणारा फोटोचा प्रकार) दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. छपाई मॅट कागदावर, मूळ आकारातच. मोठी केली की भपका येतो, पण मांडीवर धरून दाखवायच्या चित्राचं मापच हरवतं. डाग, फाटकी कड, पुसलेला रंग तसेच राहू द्या. संगणकावर ‘स्वच्छ’ केलेली नकल पाहून संवर्धनाला पैसे कोण देणार?

एक पूर्ण पोथी जाड कागदावर, पाठीला पाठ लावून, लोकांनी हातात घ्यायला ठेवा. लोक सगळ्यात जास्त रेंगाळतात ते तिच्यापाशी.

फोटो काढण्याआधी ज्यांच्या घरची पोथी आहे त्यांची लेखी संमती हवी. प्रदर्शनात लावण्याची वेगळी, कार्डं-कॅलेंडर छापून विकण्याची वेगळी. हयात कलावंतांच्या नव्या चित्रांचा कॉपीराइट त्यांचाच राहतो, चित्र विकलं तरी.

बांधणी आणि प्रवास

फ्रेमला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावा आणि चित्राला ते टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, ठेवा. रंगीत पृष्ठावर आधी ग्लासीन (गुळगुळीत, पारभासक) कागद, मगच बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला करून. आत ठेवले तर गोल वळ उठतात. रद्दीचा कागद नको, शाई उतरते. खोकं ९ मिलिमीटर प्लायचं, स्क्रूनं बंद होणारं. खिळे ठोकले की प्रत्येक मुक्कामी उचकटताना फळी फाटते. फ्रेमा आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा आणि मध्ये फोमच्या खाचा करा. फ्रेमला, तिच्या गुंडाळीला आणि खोक्यातल्या खाचेला एकच क्रमांक द्या.

गाडी बंद बॉडीची हवी. ताडपत्री बांधलेला छोटा हत्ती घाटातल्या धुक्यात पुरत नाही. करूळ किंवा आंबोलीच्या वळणांवर खोकं कलंडू नये म्हणून ते बॉडीच्या पुढच्या भिंतीला टेकवून दोन पट्ट्यांनी आवळा. जून ते सप्टेंबर दौरा नकोच. विमा नुसता प्रवासाचा घेऊ नका: भिंतीवरून उतरल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा घ्या. निघताना आणि पोचल्यावर प्रत्येक फ्रेमचा फोटो काढून देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या. नाहीतर कोपरा कुठे ठेचकाळला यावर नुसता वाद होतो आणि विमा कंपनी हात वर करते. गोव्यात जाताना डिलिव्हरी चलन (नेत असलेल्या मालाची यादी) सोबत असू द्या आणि कोणती चित्रं विक्रीची, कोणती नुसती दाखवायची हे त्यावर वेगळं लिहा. ई-वे बिलाचं (जीएसटीतल्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याचं) सीएला आधीच विचारा.

हॉल आणि मांडणी

कोल्हापूरचं शाहू स्मारक, पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, पणजीत कला अकादमी अशा ठिकाणी आरक्षण बरंच आधी करावं लागतं. मुंबईच्या जहांगीरसाठी तर वर्षं थांबायची तयारी ठेवा. आधी मोठ्या शहराची तारीख पक्की करा आणि बाकीचे मुक्काम तिच्याभोवती बसवा.

फ्रेमचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. शाळांच्या सहली येणार असतील तर १३० वर आणा. मोठी माणसं वाकतात, मुलं उंच होत नाहीत. प्रत्येक फ्रेमला दोन हुक, एका हुकावर ती तिरकी होतेच. कागदावरच्या नव्या चित्रांवर ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड पुरे, आणि उन्हाची तिरीप येणारी भिंत मोकळी सोडा. चित्राखालच्या पाटीवर २४ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको. प्रसंग कोणता ते लिहा, चित्रकाराचं नावही लिहा.

सादरीकरणाशिवाय हे प्रदर्शन अर्धंच. वीणा, हुडूक (हातात धरायचं छोटं चर्मवाद्य), टाळ आणि निवेदन असं चाळीस मिनिटांचं आख्यान दिवसातून दोनदा ठेवा. चित्र जेमतेम दीड फुटाचं, म्हणून पन्नास-साठ माणसांच्या पुढे मागच्यांना काही दिसत नाही. उंच रंगमंच नको, वीतभर चौथरा आणि समोर सतरंजी. गर्दी वाढली तर चित्रावर कॅमेरा लावून बाजूच्या पडद्यावर दाखवा. कलावंतांचं मानधन हा खर्च आहे, निधीतून केलेली मेहेरबानी नव्हे. ते सादरीकरण संपताच द्या.

पैसा

नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्या, गणेश मंडळं घेतात तीच. न्यासाकडे ८० जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी) असेल तर लक्षात ठेवा, दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. परदेशी नागरिक झालेल्या, ओसीआय कार्डवाल्या नातलगाची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, तो माणूस कितीही आपला असो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची बँकेतून आलेली स्वतःची रक्कम चालते, पासपोर्टची प्रत मात्र ठेवून घ्या.

कलावंतांकडे चित्रं फुकट मागू नका. कलावंतानं सांगितलेली किंमत पूर्ण त्याची, तिच्यावर निधीचा हिस्सा वेगळा लावा आणि पाटीवर दोन्ही आकडे छापा: ‘चित्र ६,००० + पोथी निधी १,५००’. घासाघीस थांबते.

दानपेटीला दोन कुलपं लावा, किल्ल्या दोघांकडे, मोजणी रोज संध्याकाळी तिघांसमोर. क्यूआर कोड न्यासाच्या खात्याचाच असू द्या आणि दार उघडताना रोज तो नखानं चाचपून बघा, त्यावर दुसरा स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. एक रुपया पाठवून नाव कोणाचं येतं तेही पाहा.

एका मुक्कामाचा खर्च ४० हजार धरला आणि जमा ५५ झाली, तर पोथीला १५ मिळाले, ५५ नव्हे. हॉलचं भाडं आणि गाडी आधीच प्रायोजकाकडून सुटत नसेल तर तो मुक्काम गाळा. दौरा संपल्यावर महिन्याभरात हिशेब छापून प्रत्येक मुक्कामाच्या आयोजकांना आणि पोथीच्या घरी द्या, सोबत टिफ फाइलींची एक प्रतही. फ्रेमा तळमजल्यावर ठेवायच्या असतील तर भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी घोडीवर.