आंघोळ दादाची, एस.टी. माझी

हापूसच्या कलमावरून दादा पडला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. बोलणं, हिशेब आणि तिरकसपणा मात्र जागच्या जागी. तरी पहिलं वर्षभर त्याच्या आंघोळीची वेळ मीच ठरवायचे. सकाळी 7, कारण मला रत्नागिरीची साडेआठची एस.टी. गाठायची असायची. एकदा म्हणाला, "आंघोळ माझी आहे ना गं?"

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर आधी एक वही घाला. त्यात त्याचा दिवस त्याच्याच शब्दांत उतरवा. आमच्या वहीची पहिली ओळ: 'आधी चहा, मग पडवीत अर्धा तास, मग न्हाणीघर. उचलण्याआधी सांगायचं.' नवा मदतनीस आला की आधी ती वाचतो. रात्री दर 2 तासांनी कूस बदलली नाही तर जखमा होतात, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून गजर त्याच्याच मोबाईलवर.

खुर्चीसाठी उतार बांधायचा तर 1 फूट उंचीला 12 फूट लांबी लागते. आमचा चिऱ्यांचा उतार मी त्याला न विचारता पुढच्या दारी बांधला. त्याला जायचं होतं मागीलदारी, कलमांकडे. दुसऱ्यांदा खर्च झाला.

मदतनीस निवडताना येणाऱ्याला त्याच्यासमोर बसवा आणि आपण आत जा. मला पसंत पडलेला नीटनेटका मुलगा दादाने नाकारला. बागेत खुर्ची ढकलायला तो कां कूं करत होता. घेतला एक बडबड्या, तो टिकलाय.

बँकेत, दवाखान्यात माणसं आपल्यालाच विचारतात, "यांना सही येते का?" जीभ शिवशिवते. गप्प राहून त्याच्याकडे बघा, विचारणाराही तिकडेच वळतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 13 वाचून ठेवा. पैशाचे व्यवहार स्वतः बघण्याचा हक्क त्यात आहे. मदत करणाऱ्याने दबाव आणायचा नाही, आणि ज्या व्यवहारात आपलं हित अडकलंय तिथे मदतीला बसायचंच नाही. बागेच्या वाटणीचे कागद झाले तेव्हा मी उठले, मामेभाऊ बसला. दादा म्हणतो, "एका कलमाने पाडलं, दुसऱ्याने धरलंय."

मदतीची व्यवस्था बदलायची मुभाही त्याच कलमात आहे. गेल्या महिन्यात त्याने संध्याकाळची पाळी माझ्याकडून काढून बडबड्याला दिली. मी फार घाई करते म्हणे. दोन दिवस धुसफुसले. आता त्या वेळात मालिका बघते.