शिणाण्यांसाठी डीईबी: आकाराचे आकडे कसे बसवायचे

माझ्याकडे येणारी मुलं शिणाण्याच्या (मसल या शिंपल्याच्या) कवचाची व्हर्नियर कॅलिपरवरची लांबी थेट मॉडेलमध्ये भरतात आणि मग आलेख का बसत नाही म्हणून विचारत बसतात. डच शास्त्रज्ञ बास कोइमान यांच्या डीईबी (डायनॅमिक एनर्जी बजेट, म्हणजे प्राण्याच्या ऊर्जेचा जमाखर्च) सिद्धांतात लांबी म्हणजे शरीराच्या रचनेच्या, म्हणजे साठा आणि अंडी वगळून उरलेल्या कायम शरीराच्या, घनफळाचं घनमूळ. कवच कितीही लांबुडकं असो, त्याला फरक पडत नाही. या दोन लांब्या जोडतो तो शेप कोएफिशंट, म्हणून आधी तो काढा.

रत्नागिरीकडे खडकांवर मिळणारे हिरवे शिणाणे घ्या. कवचाची लांबी मोजा, मांस सोडवा, खडकाला धरणारे धागे कापा, टिपकागदावर पाणी टिपून वजन करा. समजा ८ सेंमीच्या नगात १२ ग्रॅम भरले. घनता १ धरली तर १२ चं घनमूळ २.२९, भागिले ८, म्हणजे ०.२८६. नग मात्र अंडी टाकून झाल्यावर रोडावलेलेच निवडा. आत मादीचा नारिंगी किंवा नराचा दुधी गर भरलेला असेल तर त्याचंही वजन रचनेच्या खात्यावर चढतं आणि आकडा फुगतो. जेवायला हेच नग उत्तम, मोजायला नाही! डिंभाचा (अंड्यातून निघालेल्या पिल्लाचा) आकार अगदी वेगळा, त्याचा कोएफिशंट वेगळाच ठेवा.

आता झूम फॅक्टर. आपल्या प्राण्याची कमाल रचना-लांबी एक सेंमी कमाल रचना-लांबीच्या संदर्भ प्राण्याच्या किती पट, एवढाच त्याचा अर्थ. बंदरात दिसलेला सगळ्यात मोठा नग म्हणजे कमाल आकार असं धरू नका. तो तिथल्या अन्नावर वाढलेला असतो. वाढ १२ सेंमीला थांबत असेल आणि अन्नाची पातळी (भरपूर अन्न म्हणजे १) ०.८ वाटत असेल तर भरपूर अन्नावर १२ भागिले ०.८, म्हणजे १५ सेंमी. गुणिले ०.२८६, म्हणजे ४.२९.

हा आकडा तसाच टाकू नका. शिंपलावर्गीय प्राण्यांसाठी सहसा एबीजे (abj) हा डीईबी मॉडेलचा प्रकार वापरतात. त्यात डिंभावस्थेत अन्न घेण्याचा वेग वाढत जातो आणि अंतिम आकारही तेवढ्या पटीने वाढतो. ती पट ३ असेल तर झूम फॅक्टर १.४३ हवा. पट आधी माहीत नसते. अंदाजाने सुरू करा, पहिल्या रनमधून वाचा, पुन्हा भागा. झूम फॅक्टर हलवला की कमाल अन्नग्रहणाचा दरही हलतो, कारण कप्पा (κ, ऊर्जेचा वाढ आणि देखभालीकडे जाणारा वाटा) आणि देखभाल खर्च तेच ठेवून तो त्यावरूनच काढला जातो.

शेवटी ताळा वजनावर घ्या. लांबीत १० टक्के चूक म्हणजे वजनात ३३ टक्के, लगेच डोळ्यांत भरते.